कुठलीही चालेल

दोन हजार एकोणचाळीस सालच्या चैत्रात नांदखेड तालुक्यातून निराशा कायमची हद्दपार झाली. हजारो वर्षं मानवजातीनं जिच्यापुढं हात टेकले, ती आमच्या वेशीबाहेर निघून गेली, आणि तिनं परत फिरू नये म्हणून तिथं तीस फुटी फलक उभा राहिला. 'जीवनस्वर अभियान. या तालुक्यात माणूस एकटा नाही.' फलक ठोकणारा गडी भर उन्हात शिडीवरून उतरताना कपाळ पुसत म्हणाला, "जीव नकोसा झाला बाबा." त्याच्या खिशातला फोन वाजला. चौदा मिनिटांत दोन बाया आल्या आणि त्याला सावलीत बसवून चाळीस मिनिटं त्याच्या बालपणाची चौकशी करत राहिल्या. उजवा कोपरा ठोकायचा राहिला तो राहिलाच. वारा सुटला की शेवटचा 'नाही' दुमडून मागं जातो.

मी दिगंबर रसाळ. आडनावावर जाऊ नका. चौतीस वर्षं नांदखेडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे चौकशीच्या खिडकीत बसायचं आणि कर्ण्यावरून गाड्या पुकारायच्या. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' म्हणता म्हणता आवाजातला चढ गेला, मग उतार गेला. करमाळा गाडी फलाट तीनवर लागली हे ज्या आवाजात सांगायचो, त्याच आवाजात मी सासऱ्यांना फोनवर नात झाल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "बरं, सुटणार कधी?"

स्वरसाक्षी नावाचं यंत्र आलं तेव्हा हा आवाज मला महागात पडला.

त्यामागचं शास्त्र खरं आहे, त्याची थट्टा मी करणार नाही. आपण बोलतो तेव्हा गळ्यातल्या स्वरतंतूंची सेकंदाला शंभर-दोनशे वेळा थरथर होते, आणि एक थरथर दुसरीशी तंतोतंत कधीच जुळत नाही. मन खचत चाललं की मेंदूकडून गळ्याच्या स्नायूंना जाणारे निरोप मंदावतात. आवाजाची पट्टी आखडते, दोन शब्दांमधली जागा वाढते, वाक्याचं शेपूट खाली पडतं. आपल्या कानाला हे कळायच्या कितीतरी आधी यंत्राला कळतं, कारण लाखो माणसांचं बोलणं ऐकवून त्याला तयार केलेलं असतं. ते प्रत्येकाच्या फोनमध्ये बसलं. रोज प्रत्येकाला स्वरांक मिळू लागला, शून्य ते शंभर. साठच्या वर हिरवा, तीसच्या खाली लाल. लाल झालात की पंधरा मिनिटांत अभियानाची सोबती दारात.

पहिल्या वर्षी त्या यंत्रानं खरोखर माणसं वाचवली. आमच्याच गल्लीतली दोन. म्हणून त्याला शिव्या देताना माझी जीभ अडखळते.

घोळ झाला तो पुढच्या वर्षी, बक्षीस ठेवल्यावर. ज्या प्रभागात एकही लाल नाही, त्याला पाण्याची नवी लाइन सगळ्यांत आधी. मग काय, लोक आवाज शिकले. 'हिरव्या आवाजाचे वर्ग' निघाले. भाजीवाल्यापासून मुख्याध्यापकांपर्यंत जो तो वाक्याचं शेपूट वर उचलू लागला. सांत्वनाला गेलं तरी मांडवात आल्यासारखं वाटायचं.

माझ्या जुन्या बटणांच्या फोनात यंत्र बसत नव्हतं, नवा फोन आला तो या दुसऱ्या वर्षीच्या चैत्रात. पहिला स्वरांक आला अकरा.

"अकरा?" आमच्या शैलाबाई भाजी निवडताना म्हणाल्या. "मला वाटलं, चार-पाच येईल."

सोबती म्हणून आली शीतल वाघचौरे. चाळिशीची, सडपातळ, खांद्याला अभियानाची पिवळी पिशवी. पूर्वी शाळेत गाणं शिकवायची, शाळेनं गाणं बंद केल्यावर इकडं आली. तिच्या यादीत अठरा लाल, पाच गावांत विखुरलेले. तिचा स्वतःचा स्वरांक पिशवीवरच्या पट्टीत सगळ्यांना दिसावा असा नियम होता. शहाण्णव.

"नमस्कार काका, आज आपल्याला छान वाटतंय ना?" ती म्हणाली. वाक्य गच्चीवर जाऊन थांबलं.

"वाटतंय," मी म्हणालो.

फोन पाहून ती म्हणाली, "नऊ."

"त्यांचं मनावर घेऊ नकोस," शैला म्हणाली. "लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही हे मला 'या' असं म्हणाले की मी मागं वळून गाडी बघितली. चहा घेतेस? यांच्यामुळं घरात बिनसाखरेचा होतो. तुला वेगळी साखर घालू का?"

"कसाही चालेल, काकू."

दिवसातून दोनदा ती यायची. चौदा प्रश्न, मग हसण्याचा व्यायाम, मग चहा. हसण्याच्या व्यायामात मी 'हा हा हा' असं म्हणायचो आणि यंत्र आणखी दोन अंक कापायचं. नियमाप्रमाणं तिनं माझा रेडिओ तपासून उदास गाणी काढून टाकली. उरले बाजारभाव. शैलानं मला आवाज शिकवायचा चंग बांधला. "म्हणा, 'वांगी कि-ती छा-न झा-लीत.'" मी म्हणालो. वांगी फलाट क्रमांक दोनवर लागली.

इकडं गल्ली माझ्यावर तापली. प्रभाग समितीचे झिंजुर्डे शेजारीच राहतात. ते रोज कुंपणावरून सुरात विचारायचे, "काय रसाळसाहेब, आज तरी मनावर घेणार का?"

"मी सुखात आहे हो."

"ते खासगीत असाल. नळाचं काय? अख्खी गल्ली टँकरमागं पळतेय आणि तुम्ही नऊवर बसलाय."

असे दोन महिने गेले. मीही चिडायला लागलो होतो, पण कुणाला कळत नव्हतं.

मग ज्येष्ठात एका संध्याकाळी शीतल उठता उठता शैलाला म्हणाली, "काकू, ही माझी छत्री तुम्ही ठेवा." चांगली फुलाफुलांची छत्री.

"अगं, पाऊस तोंडावर आला. तुला नको?"

"मला काय, भिजलं तरी चालेल." आवाज लखलखीत. पट्टीत सत्त्याण्णव.

आदल्या आठवड्यात तिनं तबल्याची जोडी शेजारच्या मुलीला देऊन टाकल्याचं बोलण्यात आलं होतं. मी विचारलं, "शीतल, उद्या ड्यूटी कुठल्या गावात?"

"कुठंही लागू दे, काका. कुठलंही चालेल."

ती गेली आणि मला चौकशीची खिडकी आठवली.

खिडकीशी येणारा माणूस त्रासलेला असतो, भांडतो, सुट्ट्यावरून वाद घालतो, पण त्याला कुठंतरी जायचं असतं. चौतीस वर्षांत तीनदा असं झालं, की 'कुठं जायचंय?' म्हणून मी विचारलं आणि पलीकडून उत्तर आलं, 'आत्ता सुटणारी कुठलीही चालेल.' तिघांचाही आवाज नीट होता. एक बाई तर हसल्या होत्या. पण ज्याला कुठलीही चालते, त्याला कुठंच जायचं नसतं. तिन्ही वेळा मी खिडकी लावून त्यांना आत बोलावलं आणि सरळ विचारलं, 'जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का?' मला हे कुणी शिकवलं नव्हतं. खिडकीवर पाटी 'चौकशी' अशी होती, म्हणून चौकशी केली. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नसलेलं काही शिरलं नाही. एकदाचं कुणीतरी विचारलं म्हणून तिघंही रडली. मग घरच्यांना फोन, सरकारी दवाखाना, आणि घरचे येईस्तोवर मी त्यांना कर्ण्याचं बटण दाबायला बसवायचो. तिघंही आज आहेत. एकाच्या मुलाच्या लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी मला माइक दिला होता. परत दिला नाही कुणी.

दुसऱ्या दिवशी मी अभियानाच्या तालुका कार्यालयात गेलो. समन्वयक हेमंत पाथरकर, सभ्य माणूस, डोळ्यांखाली काळं.

"बसा काका, फारच छान वाटलं," ते म्हणाले आणि त्यांनी माझा आकडा पाहिला. "अरे, आठ. तरी स्वतःहून आलात. कौतुक आहे."

"माझ्यासाठी नाही आलो. शीतल वाघचौरेकडं कुणीतरी बघायला पाहिजे. ती वस्तू वाटत सुटलीय. तिला काहीही चालतं."

"सत्त्याण्णव आहेत मॅडम. जिल्ह्यात दुसऱ्या."

"तेच म्हणतोय. ती गाण्याची बाई आहे. आवाज लावणं हा तिचा धंदाच आहे. तुम्ही तिला तीन दिवसांच्या शिबिरात आणखी तयार केलंत. यंत्राला तिचा आवाज ऐकू येतो, ती कुठं ऐकू येते?"

पाथरकरांनी एक पुस्तिका काढली. "लाल नागरिकाला इतर माणसं दुःखी दिसतात. ते लक्षण आहे, काका. म्हणून लालची हिरव्याविरुद्ध तक्रार घेता येत नाही. घेतली तर ती तुमच्याच फायलीला लागते."

"मग मी हिरवा होऊन आलो तर?"

"हिरव्यानं हिरव्याबद्दल कळवलं तर दोघांचीही चौकशी होते. त्यामुळं अजून कुणी कळवलेलं नाही."

"तुम्ही स्वतः तिच्याशी बोला की. फायलीबाहेर, माणूस म्हणून."

त्यांनी दाराकडं पाहिलं आणि त्यांचा सूर एकदम जमिनीवर आला. "मी बोललो आणि ती खरं बोलली, तर तिचा आकडा पडेल. सोबतीचा आकडा पडला की तिचं पद गोठतं आणि मग तिचे अठरा जण वाऱ्यावर. मला दुसरा माणूस मिळणार नाही. मी काय करू, तुम्हीच सांगा."

"काय करू म्हणजे? अहो, एक बाई आपल्या डोळ्यांदेखत चाललीय आणि तुम्ही मला कागद कुठल्या फायलीला लागतो ते सांगताय? एवढं मोठं यंत्र आणून बसवलंत, आणि शेजारच्या माणसाला 'काय गं, काय झालं' विचारायची सोय तेवढी काढून घेतलीत?"

मी उभा होतो. हात टेबलावर आपटलेला होता. चौतीस वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज खालून वर गेला, वरून फाटला, परत खाली आला. खिशातला फोन गोड वाजला.

पाथरकरांनी पडद्याकडं पाहिलं. "एकाहत्तर," ते म्हणाले. "अभिनंदन, काका. तुम्ही हिरवे झालात."

स्वरसाक्षीला राग आणि आनंद यांतला फरक फारसा कळत नाही. चढउतार दिसला की त्याला बरं वाटतं.

घरी पोचेपर्यंत गल्लीत फटाके. झिंजुर्ड्यांनी पेढे वाटले, माझ्याही तोंडात एक कोंबला, आणि मधुमेह आहे म्हणालो तर म्हणाले, "आज चालतंय." नगरपालिकेचा माणूस नळाची मापं घ्यायला आला. आणि दुसऱ्या दिवशी शीतल आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बरोबरच होतं. माझी फाइल बंद झाली होती.

अभियानाला फोन लावला तर ध्वनिमुद्रित बाई म्हणाली, "आपण हिरवे आहात. कृपया सोबतींचा वेळ लाल नागरिकांसाठी राखून ठेवा." शीतलच्या खोलीवर गेलो. कुलूप. घरमालकीण म्हणाली, "पहाटे जाते, कधी येते पत्ता नाही. कालच मला म्हणाली, कुंड्या तुम्हीच घ्या." ती पाच गावांपैकी कुठं असेल हे फक्त अभियानाला ठाऊक, आणि अभियान हिरव्याशी बोलत नव्हतं.

मी घरी आलो आणि शैलाला म्हणालो, "मला लाल व्हायचंय."

"आत्ता? झिंजुर्डे जीव घेतील."

"ती बोलावून येणारी नाही. लाल झालो तर यावंच लागेल. जुन्या लालला त्याचीच सोबती मिळते."

"मग बोला की नेहमीसारखं."

आणि तेच जमेना. जन्मभर जो आवाज कुणाला नको होता, तो नेमका गरजेला गेला. काळजीनं प्रत्येक शब्द वर चढत होता. 'आज हवा बरी आहे' म्हणालो, अडुसष्ट. 'मला काही नको' म्हणालो, त्यात इतका कळवळा आला की शैलाच्याच डोळ्यांत पाणी, आणि आकडा चौऱ्याहत्तर.

"अहो, काळजी करू नका," शैला म्हणाली.

"तू सांगून बघ काळजीला."

शेवटी तिनंच युक्ती काढली. तिनं मला खुर्चीत बसवलं, पुढ्यात पाणी पिण्याचा तांब्या उपडा ठेवला आणि म्हणाली, "हा कर्णा. सकाळचे सहा वाजलेत. करा सुरू."

मी डोळे मिटले. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. नांदखेडहून करमाळामार्गे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे. पंचावन्न. बार्शीकडं जाणाऱ्या प्रवाशांनी फलाट क्रमांक एकवर यावे. एकेचाळीस. एक पिवळी पिशवी चौकशीच्या खिडकीत मिळाली आहे, ज्यांची असेल त्यांनी येऊन घेऊन जावी. बत्तीस. ज्यांची असेल त्यांनी लवकर यावे. अठ्ठावीस. फोन भोंग्यासारखा ओरडला. कुंपणापलीकडून झिंजुर्डे ओरडले. नळाची मापं घेणाऱ्यानं फीत गुंडाळली.

तेराव्या मिनिटाला शीतल दारात. धापा टाकत, हसत. "काका, असं कसं बरं झालं? परवाच तर—"

"बस," मी म्हणालो.

"आधी चौदा प्रश्न—"

"आज एकच, आणि मी विचारणार. शीतल, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?"

"छे हो काका, मला कशाला—" वाक्य सवयीनं वर चढायला लागलं, अर्ध्या जिन्यात थांबलं आणि तिथंच बसलं. शैलानं तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.  बाहेर झिंजुर्डे पाण्याबद्दल बोलत होते.

"येतं," ती म्हणाली. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. जाडसर होता, थकलेला होता, आणि तिचा होता. "घार्गे सर गेल्यापासून येतं."

घार्गे सर तिच्याच यादीतले. आधी लाल होते. मग वर्गाला गेले, शिकले, अठ्ठ्याऐंशीवर आले. शीतलला शंका आली म्हणून तिनं दोनदा कळवलं. हिरव्याबद्दलचा कागद कुणी घेतला नाही, भेटी बंद झाल्या आणि पंधरा दिवसांनी सर गेले.

"आकडा हिरवा होता म्हणून आत्महत्येची नोंदच झाली नाही. हृदयक्रिया बंद पडली असं लिहिलं. आणि फोन बंद झाल्यावर शेवटचा आकडा तसाच राहतो, काका. रोज सकाळी यादी उघडली की ते वरती असतात. अठ्ठ्याऐंशी. हिरवे."

शैलानं तिचा हात धरला. तेवढ्यात पिशवीवरची पट्टी लाल झाली. सत्त्याण्णववरून थेट बावीस. शीतलचा फोन ओरडायला लागला. तिनं सवयीनं उचलला, वाचला आणि माझ्यापुढं धरला. 'आपल्या परिसरात एक नागरिक लाल झाला आहे. जवळची उपलब्ध सोबती : शीतल वाघचौरे. पंधरा मिनिटांत पोचावे.'

ती हसली. चढउतार काही नाही, नुसतं नाकातून आलेलं, पण व्यायामाचं नव्हतं. मग हसता हसता रडायला लागली, आणि शैलानं तो फोन घेऊन ज्वारीच्या डब्यात खोल घातला. तिथूनही पाच मिनिटं तो ओरडत होता.

पुढचं मी खिडकीतल्यासारखंच केलं, दुसरं मला येत नाही. तिच्या बहिणीला फोन लावला. ती कुर्डुवाडीहून निघाली. सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंना लावला. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी नऊला घेऊन या, आणि तोवर तिला एकटी सोडू नका." मी आपल्या आवाजात 'नऊला आणतो' म्हणालो तर त्यांनी विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना?"

पाथरकरांचाही फोन आला. म्हणाले, सोबतीच लाल झालीय, वरून विचारणा आहे, मॅडमचं पद गोठणार, त्या अठरा जणांचं काय करायचं. मी म्हणालो, "पत्ते पाठवा." ते म्हणाले, "तुम्ही लाल आहात, तुम्हाला पत्ते देता येत नाहीत." मी परत चिडलो. म्हणजे थोड्या वेळात हिरवा होईनच. बाकी काही बदललं नाही. यंत्र तेच, पुस्तिका तीच, फलकाचा कोपरा तसाच. घार्गे सर अजून यादीत हिरवे असणार, आणि ते पुसायला कुठल्या खिडकीशी जायचं हे मला अजून कळलेलं नाही.

झिंजुर्डे मात्र दारात येऊन उभे राहिले होते. भांडायलाच आले असावेत. शीतलकडं बघून त्यांनी चपला काढल्या. खाकरून, सूर न लावता म्हणाले, "बाई, आमच्या हिचंही जरा असंच आहे. वर्गाला जाते, पंच्याऐंशी आहे. तुम्ही बऱ्या झालात की बघाल का?"

"आधी त्यांना बरं होऊ द्या," शैला म्हणाली. "तोवर तुम्हीच विचारा. घरचीच आहे ना?" ते मान खाली घालून घरी गेले. त्यांच्या घरातला टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं.

शैलानं चहा टाकला. कप शीतलच्या हातात दिला, आणि आम्ही दोघं तिच्या तोंडाकडं बघत बसलो, म्हणजे आता ही काही मोठं बोलेल, जगण्यामरण्याचं काहीतरी. तिनं एक घोट घेतला. कपात पाहिलं. पदरानं नाक पुसलं.

"काकू," ती म्हणाली, "दोन महिने पितेय, आता नाही जात. यात जरा साखर घाला."